फ्लटरसाठी रिड्यूस्ड ऑर्डर मॉडेल: लहान नेमके काय करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हवेच्या बलाने पंखाची कंपने आपोआप वाढत जातात त्याला फ्लटर म्हणतात, आणि तो कधी सुरू होतो ते तुम्हाला शोधायचे आहे. अ‍ॅगार्ड ४४५.६ या कसोटीच्या पंखावर सीएफडी (प्रवाहाचे संगणकीय गणित) आणि रचनेचे सॉल्व्हर जोडून तुम्ही पूर्ण एफएसआय (प्रवाह आणि रचना यांचे जोडगणित) चालवता. एका मॅकला (हवेचा वेग भागिले ध्वनीचा वेग) एकच डायनॅमिक प्रेशर (घनता आणि वेगाच्या वर्गावर ठरणारा दाब) तपासायला क्लस्टरवर दोन दिवस जातात. म्हणून त्या जोडगणिताचे स्नॅपशॉट (वेगवेगळ्या क्षणांची उत्तरे) घेतले, दाब आणि विस्थापन एकत्र करून पीओडी केले, म्हणजे त्यांतले मुख्य आकार (मोड) वेगळे काढले, १२ मोडमध्ये ९९.९ टक्के ऊर्जा आली आणि समीकरणे त्या मोडवर उतरवून (प्रोजेक्शन) रॉम, म्हणजे रिड्यूस्ड ऑर्डर मॉडेल, बांधला. ज्या प्रेशरचे स्नॅपशॉट होते तिथे तो छान जुळतो. प्रेशर १५ टक्के वाढवले की पूर्ण सॉल्व्हर वाढती कंपने दाखवतो आणि रॉम मात्र विझणारी. मोड वाढवावेत, की न्यूरल नेटवर्क लावावे? आणि पुढे हेच पाण्यातल्या पात्यासाठी वापरता येईल का?

आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मोड वाढवू नका, नेटवर्कही लावू नका. गफलत मोडच्या संख्येत नाही, तुम्ही लहान करायला जी गोष्ट निवडली तिच्यात आहे. तुम्ही जोडलेल्या प्रणालीचे उत्तर लहान केलेत. करायला हवा होता तो फक्त प्रवाहाचा प्रतिसाद: पंख अमुक तऱ्हेने हलला तर हवा त्यावर किती आणि कधी बल लावते, एवढाच. रचना तशीच राहू द्या. ती आधीच चार मोडची (चार ठरावीक कंपन-आकारांची) आहे, तिला आणखी लहान करण्यासारखे काही उरलेले नाही. जोडणी रॉम तयार झाल्यावर करायची, आधी नाही.

असे का, ते या पंखाच्या आकड्यांवरच पाहू. ४४५.६ चे कमकुवत केलेले मॉडेल महोगनीच्या पातळ थरांचे होते. त्याला भोके पाडून ती फोमने भरली होती, म्हणजे ताठपणा कमी होईल आणि आकार तोच राहील. नासाच्या लँगली केंद्रातल्या ट्रान्सॉनिक डायनॅमिक्स टनेलमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. पहिले चार मोड ९.६, ३८.२, ४८.३ आणि ९१.५ हर्ट्झवर आहेत. पहिला वाकण्याचा, दुसरा पिळाचा. मॅक ०.९६ ला फ्लटर सुरू होतो तेव्हा कंपनाची वारंवारता १४ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे पहिला मोड हवेच्या बलाने ९.६ वरून जवळपास १४ वर ढकलला गेला. वारंवारतेचा वर्ग ताठपणाच्या प्रमाणात जातो, तेव्हा १४ भागिले ९.६ चा वर्ग घ्या: दोनाच्या थोडे वर येते. हवेने पंखाला त्याच्या स्वतःच्या ताठपणाइतकाच आणखी ताठपणा दिला, असा त्याचा ढोबळ अर्थ. (ढोबळ, कारण तिथे मोडचा आकारही बदलतो.) इथे हवेचे बल म्हणजे किरकोळ दुरुस्ती नव्हे, ते लाकडाच्या बरोबरीने उभे आहे.

आता फेजकडे (हालचालीच्या तालापेक्षा बल किती मागेपुढे आहे) या, कारण सगळे पाणी तिथे मुरते. झोपाळ्याला झोका देताना किती जोराने ढकलले यापेक्षा कधी ढकलले याने फरक पडतो. पंखाचेही तसेच आहे. एका आवर्तनात हवा पंखाला किती ऊर्जा देते हे बल, विस्थापन आणि त्यांच्यातल्या फेजच्या साइनवर ठरते. हवेचे बल लवचीक बलाइतके असेल तर फेजमध्ये एका अंशाची चूक डॅम्पिंग रेशोमध्ये (कंपने किती लवकर विझतात त्याच्या मापात) सुमारे ०.९ टक्क्याची चूक करते. धातूच्या रचनांचे स्वतःचे डॅम्पिंग अनेकदा साधारण तेवढेच असते. म्हणजे दाबाचे क्षेत्र डोळ्यांना हुबेहूब दिसत असताना एका अंशाने तुमचे उत्तर "वाढते"वरून "विझते"वर जाऊ शकते.

पीओडी ऊर्जेच्या हिशेबाने मोड निवडते. ९९.९ टक्के ऊर्जा धरली म्हणजे दाबाचे चित्र धरले, उरलेल्या ०.१ टक्क्यात नेमका तो उशिरा येणारा, फेज ठरवणारा भाग असू शकतो, आणि ट्रान्सॉनिकला (ध्वनीच्या वेगाच्या आसपास) तो बहुधा तिथेच असतो, कारण शॉक (दाबाची एकदम उडी) पंखाच्या हालचालीमागे रेंगाळत सरकतो. त्यात भर म्हणजे दाबता येणाऱ्या प्रवाहाच्या समीकरणांवर साधे गॅलर्किन प्रोजेक्शन (समीकरणे थेट मोडवर उतरवण्याची नेहमीची रीत) स्थिरतेची हमी देत नाही. मूळ प्रणाली स्थिर असली तरी लहान केलेली अस्थिर होऊ शकते, आणि उलटेही घडते. तुमच्याकडे बहुधा उलटे घडले आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जोडगणिताच्या स्नॅपशॉटमध्ये पंख एकाच प्रकारे हललेला असतो: त्या प्रेशरला, त्या वारंवारतेने, वाकणे आणि पीळ यांच्या त्या ठरावीक मिश्रणात. प्रेशर वाढवले की मिश्रण बदलते, वारंवारता बदलते. रॉमने ती हालचाल कधी पाहिलेलीच नाही. तो ओळखणार कसा?

उलट बाजूने बांधा. मॅक ठरवा. पंख स्थिर ठेवून स्थिर प्रवाह पूर्ण उतरवून घ्या. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) अजून हलत असताना पुढे जाऊ नका. मग पंखाला एकेका मोडच्या आकारात तुम्ही स्वतः हलवा, रचनेचे सॉल्व्हर बंद ठेवून, आणि चारही मोडवरची जनरलाइज्ड बले (त्या त्या मोडच्या आकारावर पडणारे एकूण बल) नोंदवा. चार हालचाली, प्रत्येकीची चार बले. यातून १६ नोंदींचा जो नकाशा मिळतो तोच तुमचा रॉम. त्याच्या आत प्रवाहाची स्थिती वीस-तीस अवस्थांची असो वा चाळीस, बाहेरून तो फक्त मोडची हालचाल घेतो आणि मोडचे बल देतो.

यात डायनॅमिक प्रेशर कुठेच शिकवले गेलेले नाही. बले आपण प्रेशरने भागून ठेवतो. रचनेशी जोडताना त्या बलांना प्रेशरने गुणायचे. श्यानता (हवेचा चिकटपणा) बाजूला ठेवली तर अमितीय प्रवाहाला फक्त मॅक आणि अमितीय वेळ कळते, घनता कळत नाही. म्हणून एका मॅकला चार सीएफडी रन केले की पुढे हवी तेवढी प्रेशर तपासता येतात. प्रत्येक तपासणी म्हणजे एका छोट्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू (तिच्यावरून कंपने वाढतात की विझतात ते कळते) काढणे, लॅपटॉपवर क्षणाचे काम. हवेचे तापमान बदलून वेग बदलला असेल तर अमितीय वेळेचे माप तेवढे पुन्हा बसवायचे विसरू नका.

ही कल्पना मुळीच नवी नाही. वॅग्नरने १९२५ मध्ये पंखाचा कोन एकदम बदलल्यावर लिफ्ट कशी हळूहळू चढते हे काढले. थिओडॉर्सनने १९३५ मध्ये तेच वारंवारतेच्या भाषेत मांडले. रॉजरने १९७७ मध्ये त्या वारंवारतेवरच्या तक्त्यांना काही स्थिर पदे आणि काही लॅग पदे (उशिराने येणारा परिणाम दाखवणारी) बसवून स्टेट-स्पेसमध्ये, म्हणजे वेळेत पुढे नेता येणाऱ्या समीकरणांत, आणले. पुलांच्या बाजूने स्कॅनलन आणि टोम्को यांनी १९७१ मध्ये डेकचे (पुलाच्या रस्त्याच्या भागाचे) फ्लटर डेरिव्हेटिव्ह मांडले. तोही हालचालीकडून बलाकडे जाणारा नकाशाच, सीएफडीऐवजी विंड टनेलमधून मोजलेला.

पुलांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या टाकोमा नॅरोज या कोसळलेल्या पुलाबद्दल बोलतो, कारण आपल्याकडे विद्यार्थ्यांना ते अजून रेझोनन्सचे उदाहरण म्हणून शिकवले जाते आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. ७ नोव्हेंबर १९४० रोजी वारा ताशी सुमारे ६८ किलोमीटर होता. ८५३ मीटरचा मुख्य गाळा ०.२ हर्ट्झने पिळत होता. २.४ मीटर उंचीच्या त्या भरीव बाजूंच्या डेकमागे भोवरे सुटण्याची वारंवारता अंदाजे १ हर्ट्झ येते, म्हणजे पाचपट. भोवऱ्यांच्या तालाशी पुलाचा ताल जुळला म्हणून तो पडला, हे गणितात बसतच नाही. डेकच्या स्वतःच्या पिळण्यामुळे तयार झालेले वाऱ्याचे बल त्याच पिळण्याला ऊर्जा देत राहिले. पिळाचे एकूण डॅम्पिंग ऋण झाले. बिला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये हे नीट मांडले आहे. तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे: ज्या बलाला आपण रॉममध्ये पकडतो ते बाहेरून येणारे नसून हालचालीतून जन्मणारे आहे. हे एकदा मनात पक्के बसले की हालचाल आत आणि बल बाहेर अशी रचना आपोआप सुचते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे.

पंखाला एकदम पायरीसारखे विस्थापन देऊ नका. विस्थापनाची पायरी म्हणजे वेगाचा अनंत ठोका; मेश (गणिताची जाळी) फाटते आणि जिथे रस नाही त्या वारंवारता भरून येतात. गुळगुळीत केलेली पायरी किंवा हळूहळू वारंवारता वाढवत नेणारी चर्प वापरा. अभ्यास केलेले पुष्कळ जण चारही मोड एकाच रनमध्ये, एकमेकांशी असंबद्ध सिग्नल देऊन हलवतात. त्याने वेळ वाचतो, पण पहिल्यांदा बांधताना एकेक मोडच हलवा. चूक झाली तर ती कुठे आहे ते दिसेल.

हालचालीचा आकार किती ठेवायचा हा खरा कसोटीचा भाग. फार लहान ठेवला तर बलातला बदल सॉल्व्हरच्या गोंगाटात बुडतो. फार मोठा ठेवला तर शॉक इतका सरकतो की प्रतिसाद रेषीय राहत नाही. मी टोकाचे विस्थापन मुळाच्या कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) अर्ध्या टक्क्याजवळ धरून सुरुवात करतो; या पंखाची मुळाची कॉर्ड ०.५५८ मीटर आहे, म्हणजे तीनेक मिलिमीटर. मग तोच रन निम्म्या आकाराने पुन्हा करतो. बल निम्मे झाले तर पुढे. झाले नाही तर आधी कारण शोधायचे. हा एक जादा रन वाचवायला जाऊन लोक पुढे महिनाभर चाचपडताना मी पाहिले आहेत.

टाइम स्टेप सगळ्यात वरच्या मोडवरून ठरवा. ९१.५ हर्ट्झच्या एका आवर्तनात ५० टप्पे धरले तर ०.२२ मिलिसेकंद. नोंदीची लांबी मात्र खालच्या मोडवरून आणि प्रवाहाच्या स्मृतीवरून ठरते. ३०९ मीटर प्रति सेकंद वेगाला हवा मुळाची कॉर्ड १.८ मिलिसेकंदांत पार करते, आणि १४ हर्ट्झच्या एका आवर्तनात जवळपास ४० कॉर्ड पुढे जाते. प्रतिसाद पूर्ण विझेपर्यंत नोंद चालू ठेवा. शेपूट कापलीत तर तीच फेजची चूक पुन्हा आत येते.

एक चूक मी स्वतः केलेली आहे, ती तुम्ही करू नका. एका नियंत्रण पृष्ठभागाच्या कामात विस्थापन टप्प्याच्या सुरुवातीचे लिहिले जात होते आणि बल टप्प्याच्या शेवटचे. दोन्ही फाइलींत क्रमांक तोच. रॉम सगळ्या तपासण्यांत छान दिसत होता, फक्त फ्लटरचा वेग पूर्ण गणितापेक्षा ठळकपणे वेगळा येत होता. कितीतरी दिवस मी मोडची संख्या बदलत बसलो. तुमच्या ०.२२ मिलिसेकंदाच्या टप्प्याला १४ हर्ट्झवर अशी एका टप्प्याची चूक १.१ अंश होते. कोणी एक मिलिसेकंदाचा टप्पा घेतला असेल तर पाच अंश. वर काढलेला हिशेब त्याला लावून पाहा म्हणजे ती किती महाग आहे ते कळेल.

सिग्नल मिळाले की ओळख करायला ईआरए (नोंदींवरून छोटे मॉडेल काढणारा अल्गोरिदम) पुरेसा आहे. जुआंग आणि पापा यांनी तो १९८५ मध्ये कंपनचाचण्यांतून रचनेचे मोड ओळखण्यासाठी मांडला; प्रवाहालाही तो तितकाच लागू पडतो. गुळगुळीत पायरी किंवा चर्प दिली असेल तर आधी त्यातून इम्पल्स प्रतिसाद (एका क्षणिक ठोक्याचा प्रतिसाद) काढून घ्यावा लागतो, एवढे लक्षात ठेवा. हँकेल मॅट्रिक्सची (त्या प्रतिसादाच्या सरकत्या नोंदींच्या तक्त्याची) सिंग्युलर व्हॅल्यू जिथे घसरून सपाट होतात तिथे ऑर्डर (अवस्थांची संख्या) तोडा. तोडल्यावर पहिले काम: रचना न जोडता रॉमच्या आयगेनव्हॅल्यू बघा. पंख घट्ट धरून ठेवला असताना प्रवाह आपोआप थरथरत नसेल, तर रॉमचा एकही पोल (आयगेनव्हॅल्यू) अस्थिर असता कामा नये. असेल तर तो खोटा आहे, ऑर्डर किंवा नोंद चुकली आहे. तसा पोल गुपचूप काढून टाकून पुढे जाण्याचा मोह होतो. त्याने बाकीच्यांची फेज बिघडते.

दुसरी तपासणी: एका मोडला १४ हर्ट्झची साधी साइन हालचाल देऊन पूर्ण सीएफडी चालवा आणि बलाचे मोठेपण व फेज रॉमशी ताडून पाहा. दाबाचे रंगीत चित्र ताडत बसू नका. फेज अर्ध्या अंशात आली तर मी समाधानी असतो.

यानंतर रचना जोडा, प्रेशर वाढवत जा, पोल कुठे उजवीकडे, म्हणजे अस्थिर बाजूला, जातो ते बघा. मॅक ०.४९९ ला मोजलेला फ्लटर स्पीड इंडेक्स (फ्लटरचा अमितीय वेग) ०.४४५९ आहे आणि ०.९६ ला ०.३०७६. ध्वनीवेगाजवळ फ्लटरचा वेग असा खाली जातो, हीच ट्रान्सॉनिक खोली. तिथे तुमचा आकडा जवळ आला तर रॉम बरोबर दिशेने आहे. मॅक १.०७२ आणि १.१४१ ला मात्र ऑयलर (श्यानता नसलेल्या प्रवाहाच्या) समीकरणांवर बांधले असेल तर उत्तर प्रयोगापेक्षा बरेच वर येईल. तो दोष रॉमचा नाही, बहुधा श्यानता वगळल्याचा आहे. पूर्ण ऑयलर एफएसआयही तिथे तसाच चुकतो. रॉमला नेहमी ज्या सॉल्व्हरमधून तो जन्मला त्याच्याशी आधी ताडावे, प्रयोगाशी नंतर.

वेगवेगळ्या मॅकसाठी पीओडीचे बेस सरळ सरासरीने मिसळू नका. बेस म्हणजे उपअवकाश. त्यांची सरासरी उपअवकाशाची सरासरी नसते, आणि एखाद्या मोडचे चिन्ह उलटले तर सगळे बरबाद होते. अम्सालेम आणि फरहात यांनी २००८ मध्ये ग्रासमान मॅनिफोल्डवरून (जिथे प्रत्येक बिंदू म्हणजे एक उपअवकाश) जी रीत दिली ती यासाठीच. पण वरच्या पद्धतीत तुम्हाला त्याचीही फारशी गरज पडत नाही. आत जाणारे आणि बाहेर येणारे दोन्ही रचनेचे मोड आहेत, ते मॅकने बदलत नाहीत. म्हणून वारंवारतेवरच्या त्या १६ नोंदी मॅकमध्ये थेट इंटरपोलेट होतात. ०.९ ते १.०५ या पट्ट्यात मॅक दाट घ्या, कारण शॉक तिथे झपाट्याने मागे सरकतो.

या पंखाने तुमच्यावर एक मेहरबानी केली आहे, ती पुढच्या पंखाकडून धरू नका. त्याचा नाका ६५ए००४ छेद सममित आहे आणि चाचणीचा कोन शून्य, त्यामुळे स्थिर लिफ्ट नाही आणि प्रेशर वाढवले तरी पंख आधीच वाकून बसत नाही. खऱ्या विमानाचा पंख लिफ्टखाली वाकतो आणि पिळतो, प्रेशरप्रमाणे अधिक. मग ज्या स्थिर प्रवाहाभोवती आपण रेषीय रॉम बांधला तोच सरकतो. तिथे तीन-चार प्रेशरला स्थिर एरोइलॅस्टिक उत्तर (हवेच्या बलाखाली वाकून स्थिरावलेला पंख) आधी काढावे लागते आणि प्रत्येकाभोवती वेगळा रॉम. खर्च वाढतो, पण पूर्ण जोडगणितापुढे तो अजूनही फारच कमी.

न्यूरल नेटवर्कबद्दल माझे मत विरोधाचे नाही. फ्लटरनंतर कंपने वाढून एका मर्यादेवर थबकतात, त्या लिमिट सायकलचा आकार रेषीय रॉम सांगू शकत नाही; तिथे अरेषीय काहीतरी लागतेच. पण तिथेही हालचाल आत, बल बाहेर हीच रचना ठेवा आणि रेषीय भाग ईआरएचाच राहू द्या. नेटवर्कने फक्त उरलेला फरक शिकावा. अन्यथा लहान कंपनांतली फेज, जी तुम्ही एवढ्या कष्टाने बरोबर आणली, ती ट्रेनिंगच्या सरासरी चुकीत हरवते.

आता पाण्यातले पाते. इथे गोष्टी खरोखर बदलतात, कारण पाणी जड आहे. गोल दांडा पाण्यात आडवा हलवला तर आदर्श प्रवाहात त्याच्यासोबत त्याने बाजूला सारलेल्या पाण्याइतके वस्तुमान हलते. भरीव पोलादी दांड्याची वारंवारता त्यामुळे सुमारे सहा टक्के घटते. पाण्याच्याच सरासरी घनतेची पोकळ नळी असेल तर ती ०.७१ पटीवर येते. कोझँ, जर्बो आणि नोबिले यांनी २००५ मध्ये दाखवले की न दाबता येणाऱ्या प्रवाहात हे जोडलेले वस्तुमान मोठे असेल तर सैल जोडणी (प्रवाह आणि रचना प्रत्येक टप्प्यात आळीपाळीने एकदाच सोडवणे) अस्थिर होते, आणि टाइम स्टेप लहान करून ती सुधारत नाही. विमानाच्या कामातून पाण्याकडे आलेला माणूस हमखास टाइम स्टेप लहान करत बसतो.

रॉममध्ये याचा अर्थ असा की हालचालीचा एक भाग त्याच क्षणी बल होऊन परत येतो, त्यात लॅग नसतो. हा भाग ईआरएला शोधायला लावू नका. स्थिर पाण्यात पात्याचा प्रत्येक मोड एकदा हलवून जोडलेल्या वस्तुमानाचे मॅट्रिक्स आधी वेगळे काढा, ते रचनेच्या वस्तुमानात घाला, आणि मिळालेल्या बलातून वजा करून जे उरते त्याचाच रॉम बांधा. उरलेल्यात लॅग असतो, तो रॉम नीट पकडतो, आणि जोडलेली प्रणाली टाइम स्टेपवर रुसत नाही.

पात्यामागे भोवरे आपोआप सुटत असतील तर मात्र थांबा. गोल दांड्यामागे रेनॉल्ड्स संख्या (जडत्वाच्या बलाचे श्यानतेच्या बलाशी प्रमाण) साधारण ४७ ओलांडली की हे सुरू होते. "पंख धरून ठेवला की प्रवाह शांत" हे गृहीतक तिथे संपते आणि वरची पोलची तपासणीही. तशा प्रश्नासाठी हात बसवायचा तर ट्यूरेक आणि ह्रोन यांच्या २००६ च्या कसोटीवर बसवा: दांड्यामागे ३५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड लवचीक पट्टी. तिच्या तिसऱ्या प्रकारात पट्टीची आणि द्रवाची घनता एकच, १००० किलो प्रति घनमीटर, आणि टोक सुमारे ३४ मिलिमीटर वर-खाली ५.३ हर्ट्झच्या आसपास डोलते. स्नॅपशॉट नेहमी सोबत हलणाऱ्या त्याच मेशवर घ्या, म्हणजे क्रमांक अमुकचा बिंदू प्रत्येक क्षणी पट्टीच्या त्याच जागेशी बांधलेला राहील. मध्येच रीमेश झाले (जाळी नव्याने आखली गेली) तर त्या आधीचे आणि नंतरचे स्नॅपशॉट एका मॅट्रिक्समध्ये घालता येत नाहीत. आणि पात्याकडे वळण्याआधी ४४५.६ चा तो निम्म्या आकाराचा रन नक्की करून घ्या. त्याचे दोन आलेख पाठवलेत तर पुढचे मी बघून सांगतो.